थेंबाचा माग

दोस्तांनो, तुम्ही कधी ट्रकच्या केबिनमध्ये बसून प्रवास केला आहे का? एसटीच्या खिडकीतून दिसणारा रस्ता वेगळा आणि ट्रकच्या त्या रुंद काचेतून दिसणारा वेगळा. तिथून सगळं खाली दिसतं. समोरून येणारी बैलगाडी, उसाच्या मोळ्या, शाळेला निघालेली पोरं. आपण जणू हत्तीवर बसलोय असं वाटतं!

मी हा प्रवास केला तो १९९६ च्या डिसेंबरात. मी तेव्हा आठवीत होतो. नाताळच्या सुट्टीत पुण्याहून कोल्हापूरला मामाकडे गेलो होतो. मामाचा स्वतःचा ट्रक होता आणि तो स्वतःच चालवायचा. गूळ भरून आंबा घाटानं रत्नागिरीला जायचं आणि येताना जांभ्या दगडाचे चिरे घेऊन परतायचं, हा त्याचा हिवाळ्यातला धंदा. "येतोस का भाच्या? घाट दाखवतो तुला," मामा म्हणाला. नको कोण म्हणेल?

कोल्हापुरात गुळाच्या ढेपेला रवा म्हणतात. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली, तेव्हापासून हा गूळ दूरदूर जातो. आमच्या ट्रकमध्ये तीस किलोचे तीनशे रवे भरले होते. तीनशे गुणिले तीस करा. बरोबर, नऊ टन! ताडपत्रीखालून असा खमंग वास येत होता, की पहाटे पाचला उठल्याचं दुःख कुठल्या कुठे पळालं.

आमच्याबरोबर क्लीनर होता. अठरा-एकोणीस वर्षांचा, किडकिडीत, अबोल. सगळे त्याला बारक्याच म्हणायचे. निघण्यापूर्वी त्यानं तेल, पाणी, हवा तपासली. टायरवर लोखंडी पाना आपटून आवाज ऐकला. मग बॉनेट उघडून एका छोट्या टाकीत लालभडक तेल ओतलं.

"हे रक्त कसलं?" मी विचारलं.

"स्टेरिंगचं त्याल," बारक्या म्हणाला आणि झाकण फिरवून बंद केलं. हे झाकण ध्यानात ठेवा बरं का!

पंचगंगेवरचा शिवाजी पूल ओलांडला, केर्ली गेलं, जोतिबाचा डोंगर मागे पडला. वाघबीळची चढण चढताना धुक्यातून पन्हाळ्याचा कडा दिसला. १६६० च्या जुलैमध्ये भर पावसात शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले, ते याच मुलखातून. मामा सांगत होता, मी ऐकत होतो. सगळं कसं छान चाललं होतं.

बांबवडे मागे टाकलं आणि एका वळणावर आवाज आला. ऊंऽऽऊंऽऽ! रेडकू हंबरावं तसा. वळण संपलं, आवाज थांबला. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. मामा इतका वेळ एका हातानं स्टीअरिंग फिरवत होता, आता त्याचे दोन्ही हात लागले. खांदेही लागले. त्यानं गाडी बाजूला घेतली.

बारक्या उडी मारून उतरला. त्यानं चाकाला दगड लावला आणि बॉनेट उघडलं. टाकीतलं तेल तळाला गेलं होतं आणि त्यावर साबणासारखा फेस आला होता. गाडीखाली वाकून पाहिलं, तर पुढच्या चाकाजवळून टप... टप... टप. रस्त्यावर रुपयाएवढा काळपट लाल डाग.

मामा भडकला. "झाकण नीट बसवलं न्हाईस तू! सकाळी वतलेलं त्याल सगळं रस्त्यावर सांडलं!"

"बसवलं हुतं, मालक."

"मग त्याल काय उडून गेलं? आजची हजेरी कापणार तुझी."

बारक्या काही बोलला नाही. खाली मान घालून त्यानं डब्यात उरलेलं तेल टाकीत ओतलं. मला फार वाईट वाटलं. सकाळी झाकण लावताना मी पाहिलं होतं ना! पण नीट बसलं होतं की नाही, हे काही मी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतो. म्हणून मीही गप्प बसलो.

रखडत रखडत आम्ही मलकापूरला पोचलो. शाहूवाडी तालुक्यातलं हे लहानसं गाव. इथून पुढे आंब्याची चढण आणि मग घाट. एसटी स्टँडवर चहाच्या वाफा निघत होत्या. कोकणात उतरणारी माणसं कान बांधून गाडीची वाट बघत होती. गावाबाहेर रस्त्याकडेला तीन-चार पत्र्याच्या शेड होत्या. बाहेर जुने टायर, काळी पडलेली माती, आत पान्यांची खडखड. पहिल्या गॅरेजात एक तरुण मेस्त्री होता. तो गाडीखाली वाकला आणि लगेच बाहेर आला.

"स्टेरिंग बॉक्सच्या बुडातून गळतंय. सील गेलंय. बॉक्स उतरवायला लागंल. दोन दिवस आणि हजार-दीड हजार रुपये."

मामाचा चेहरा उतरला. रत्नागिरीचा व्यापारी वाट बघत होता आणि ही फेरीच दोन दिवसांची होती. तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, "राहू दे. दोन डबे त्याल घेतो. गळत गळत घाट उतरतो. बॉक्सचं काय ते परत आल्यावर बघू."

शेजारच्या शेडमध्ये एक म्हातारे मेस्त्री बशीतून चहा पीत होते. पांढरी दाढी, डोक्यावर विणलेली टोपी, हात कोपरापर्यंत काळे. सगळे त्यांना चाचा म्हणत. ते तिथूनच बोलले, "आणि घाटात त्याल संपलं तर?"

"संपलं तर वतायचं, चाचा."

"वळणात संपलं तर कुठं थांबून वतणार? मागं नऊ टन गूळ हाय, म्होरं दरी हाय. स्टेरिंग तुटत न्हाई, मान्य. पण एकदम दगडासारखं जड हुतंय. तेवढ्यात समोरनं एसटी आली म्हंजे?"

मामा गप्प झाला. चाचांनी बशी खाली ठेवली. "गाडी हिकडं घे. आदी बघू तरी, चोर हाय कुठं."

आता चाचा काय करत होते हे कळायला आधी पॉवर स्टीअरिंग म्हणजे काय ते समजून घेऊ. भरलेल्या ट्रकची पुढची चाकं नुसत्या हातांनी वळवणं हे पैलवानाचं काम. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस नावाचे एक इंजिनिअर ट्रक बनवणाऱ्या कारखान्यात काम करत. ट्रक वळवताना ड्रायव्हरची होणारी दमछाक त्यांनी पाहिली होती. त्यांनी तेलाच्या दाबाची मदत घेणारं स्टीअरिंग तयार केलं आणि १९२६ मध्ये ते गाडीवर चालवून दाखवलं. पण विक्रीच्या मोटारगाडीत ते यायला १९५१ साल उजाडलं. आमच्या प्रवासाच्या वेळी, १९९६ मध्ये, आपल्याकडच्या कितीतरी ट्रकना ते नव्हतंच. मामाला आपल्या गाडीचा अभिमान होता तो त्यामुळेच.

याची युक्ती तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. पास्कलचा नियम! कोंडलेल्या द्रवावर दाब दिला, की तो सगळीकडे सारखा पोचतो. इंजिनवर एक पंप असतो. तो टाकीतलं तेल ओढतो आणि जाड पाइपातून स्टीअरिंग बॉक्सकडे ढकलतो. बॉक्समध्ये एक दट्ट्या असतो. आपण स्टीअरिंग डावीकडे फिरवलं, की आतली झडप तेलाला दट्ट्याच्या एका बाजूला वाट देते. उजवीकडे फिरवलं, की दुसऱ्या बाजूला. काम करून तेल दुसऱ्या पाइपानं टाकीत परत येतं. सगळा फेरा मिळून तेल तीन-चार लिटरच, पण जोर बघा! गाडी सरळ चालते तेव्हा दाब थोडा असतो. चाक वळवलं की तो वाढत जातो आणि शेवटपर्यंत फिरवलं की शंभर-दीडशे बारपर्यंत चढतो. शंभर बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर जवळजवळ शंभर किलो. दट्ट्याचं तोंड पन्नास चौरस सेंटिमीटर धरलं, तर जोर किती झाला? पाच हजार किलो, म्हणजे पाच टन! मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब दोन-अडीच बारच असतो. यावरून काय ते समजा.

चाचांनी प्रथम एक पांढरा कागद थेंबाखाली धरला. "गाडीत धा प्रकारची पाणी असत्यात," ते मला म्हणाले. "कुठलं गळतंय त्ये आदी ठरीव. इंजिनचं त्याल काळं. गियरचं त्याल घट्ट, त्येला उग्र वास. डिझेल कागदावर भराभर पसरतंय. ह्ये बघ." कागदावरचा थेंब लालसर होता. म्हणजे तेल स्टीअरिंगचंच.

मग त्यांनी टाकीकडे पाहिलं. झाकण उघडलं नाही, नुसतं पाहिलं. झाकणाभोवती बोट फिरवलं आणि बोट मामापुढे धरलं. बोटावर कोरडी, पिवळसर धूळ होती.

"झाकणातनं त्याल गेलं असतं तर ह्या धुळीचा चिखल झाला असता. ही तर पिठासारखी कोरडी हाय. झाकणाचा काय गुन्हा न्हाई."

मी बारक्याकडे पाहिलं. त्यानं मान वर केली होती.

"म्हणजे बॉक्सच," तरुण मेस्त्री म्हणाला. तोही बघायला आला होता.

"थांब. कौलारू घरात राहिलायस ना? पावसात गळतं तवा पाणी जिथं पडतंय, त्याच्या बरोबर वरचं कौल फुटलेलं असतंय का?"

मला एकदम आजोबांचं घर आठवलं. फुटलेलं कौल असायचं आढ्याजवळ आणि पाणी वाशावरून ओघळत ओघळत खालच्या भिंतीशी ठिबकायचं. दर पावसाळ्यात आजी तिथं पातेलं ठेवायची, आणि आजोबा मात्र शिडी घेऊन भलतीकडेच चढायचे!

"त्याल बी तसंच," चाचा म्हणाले. "थेंब पडतोय ती चोराची जागा न्हवं. थेंब सांगतोय चोर कुठनं गेला ते. चोर वर असतोय."

चाचांनी बारक्याला डिझेल आणि चिंध्या दिल्या. इंजिन गार झाल्यावर बारक्यानं पंपापासून बॉक्सपर्यंत सगळं धुऊन, पुसून कोरडं केलं. तोवर चाचांनी मला पिटाळलं ते कुठं माहितीय? केशकर्तनालयात! "दाढीनंतर लावत्यात ती पावडर घिऊन ये." मी धावत जाऊन डबा आणला. चाचांनी ती पावडर पाइपांवर, जोडांवर, बॉक्सवर भुरभुरवली. सगळं यंत्र बारशाच्या बाळासारखं पांढरंफटक झालं. आता तेलाचा एक थेंब जरी बाहेर आला, तरी त्याचा ओला डाग उठून दिसणार होता.

मामानं इंजिन चालू केलं. एक मिनिट गेलं, पाच मिनिटं गेली. पावडर कोरडीच!

"बघा, वर काहीच नाही," तरुण मेस्त्री म्हणाला.

"आत्ता दाब न्हाई. सरळ उभ्या गाडीत चोर बाहेर येत न्हाई. मालक, कटिंग मारा. फुल्ल डावीकडं. शेवटाला नेऊन लगीच सोडा, धरून बसू नका, पंप तापतोय. आता उजवीकडं."

चाकं फरफरली. पंप गुरगुरला. आणि मला दिसलं! पंपापासून जरा खाली, जिथं जाड काळा पाइप चेसिसला टेकून वळत होता, तिथल्या पावडरीवर एक बारीक गडद रेघ उमटली. "तिथं! तिथं!" म्हणत मी बोट पुढे केलं.

फट्! चाचांनी माझा हात झटकला. इतका वेळ गोड बोलणारे चाचा डोळे वटारून ओरडले, "हात न्यायचा न्हाई!"

मग त्यांनी बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन तिथे धरला. मामानं पुन्हा कटिंग मारलं. पुठ्ठ्यावर सुईनं काढल्यासारखी लाल रेष उठली. डोळ्यांना तर काहीच दिसलं नव्हतं! इतक्या बारीक भोकातून इतक्या दाबानं निघालेलं तेल कातडीत सुईसारखं घुसतं. वरून टोचल्याएवढीच खूण दिसते, दुखतही नाही फारसं, पण आत बोट सडू शकतं. "तसं कुणाला झालं तर घरी बसायचं न्हाई, तडक मोठ्या दवाखान्यात," चाचांनी मला बजावलं. तुम्हीही हे लक्षात ठेवा. चालू यंत्रातली गळती हातानं शोधायची नाही, आणि मोठं माणूस जवळ नसताना तर गाडीखाली डोकवायचंही नाही.

इंजिन बंद झालं. तेल आता पाइपाच्या खालच्या अंगानं मुकाट ओघळत बॉक्सवर आलं, बॉक्सच्या पोटाखालून फिरलं आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यातून टपकलं. टप! अगदी मेस्त्रीनं सील गेल्याचं सांगितलं त्याच जागी. त्याचं निरीक्षण खोटं नव्हतं, पण त्यानं थेंबापाशीच थांबून निकाल दिला होता.

चाचांनी बॅटरीचा झोत पाइपावर टाकला. पाइप चेसिसला धरून ठेवणारा मूळचा क्लॅम्प नव्हताच. त्या जागी लोखंडी बारीक तार पिळून बांधली होती. गाडीच्या थरथरीनं ती तार रोज थोडी थोडी रबरात रुतत गेली होती.

"ही तार कुणी बांधली?" चाचांनी विचारलं.

बारक्या काही बोलला नाही. मीही काही बोललो नाही, कारण मला ठाऊकच नव्हतं. मामा मात्र त्या तारेकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मीच. दिवाळीच्या आदी क्लॅम्प तुटला हुता. भाडं घाईचं हुतं. म्हणलं, तात्पुरतं बांधू. पुन्हा ध्यानातच राहिलं न्हाई."

शेडमध्ये कुणीच बोललं नाही. मामानं बारक्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चुकलं माझं, बारक्या. हजेरी कापायची तर माझी कापाय पाहिजे." बारक्या लाजून हसला. दिवसभरात पहिल्यांदाच!

"मग पाइपाला रबराची पट्टी गुंडाळून जाऊया का?" मी आपलं डोकं चालवलं.

"ही काय सायकलची ट्यूब हाय? इतक्या दाबाला पट्टी टिकत न्हाई. नवाच पाइप पाहिजे." मलकापुरात तसा पाइप मिळेना. मग बारक्या जुना पाइप नमुन्याला घेऊन एसटीनं कोल्हापूरला गेला आणि रात्री नवा पाइप, नवा क्लॅम्प आणि तेल घेऊन परतला. ती रात्र आम्ही गुळाच्या वासात, केबिनमध्ये कांबळं पांघरून काढली. थंडी अशी, की दात वाजत होते. पण मामानं झुणका-भाकर आणली होती आणि पहिली भाकरी बारक्याच्या हातावर ठेवली होती.

सकाळी चाचांनी पाइप बसवला. पुढची चाकं जॅकवर उचलून, टाकी भरून, स्टीअरिंग हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं. टाकीत बुडबुडे येत होते. आत शिरलेली हवा निघत होती. आदल्या दिवशीचा तो फेस आणि ते हंबरणं याच हवेमुळे होतं. बुडबुडे थांबले, तेल निवळलं. मग चाचांनी काय केलं असेल? पुन्हा सगळं पुसून पुन्हा पावडर टाकली! दहा वेळा कटिंग मारलं. पावडर कोरडी राहिली, तेव्हाच ते म्हणाले, "जा आता."

आंबा गाव मागे टाकलं आणि पठार एकदम संपलं. काय सांगू दोस्तांनो! समोर दरी धुक्यानं काठोकाठ भरलेली, त्यातून डोंगरांची फक्त शेंडी वर आलेली. एका बाजूला कातळाचा कडा, दुसऱ्या बाजूला नुसतं आभाळ. रस्ता नागासारखा वेटोळी घेत खाली उतरत होता. मामा खालच्या गियरमध्ये, हॉर्न वाजवत, सावकाश एकेक वळण घेत होता. एका अवघड वळणावर समोरून खरोखरच एसटी आली. लाल, भरलेली, चढणीनं धापा टाकणारी. मामानं स्टीअरिंग झरझर फिरवलं, नऊ टनांचा आमचा हत्ती शहाण्यासारखा कड्याकडे सरकला आणि एसटी दोन हातांवरून निघून गेली. माझ्या पोटात गोळा आला. काल आम्ही 'गळत गळत' उतरलो असतो तर? मामाच्याही मनात तेच आलं असावं, कारण गायमुखाजवळ त्यानं गाडी थांबवली आणि कितीतरी वेळ दरीकडे पाहत उभा राहिला. बारक्या मात्र गाडीखाली वाकला होता. "कोरडं हाय, मालक!"

खाली उतरलो तसं धुकं विरलं, थंडी पळाली, माती लाल झाली. आम्ही गूळ घेऊन साखरप्यात शिरलो, यावर मामानं एक विनोद केला आणि आम्ही तिघं पोट धरून हसलो. पुढे नाणीज, पाली, हातखंबा करत दुपारी रत्नागिरी गाठली. एक दिवस उशीर झाला म्हणून व्यापारी कुरकुरला, पण गूळ बघून गप्प बसला.

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. त्या रस्त्याला राष्ट्रीय महामार्ग १६६ म्हणतात. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नव्या मोटारींत स्टीअरिंगला विजेच्या मोटरची मदत असते, तिथं तेलही नाही आणि गळतीही नाही. मोठ्या ट्रकमध्ये मात्र अजून बहुतेक तेलाचाच जोर चालतो.

तुमच्याही घरात कधी छत गळेल, मोरीजवळ पाणी साचेल. तेव्हा डागापाशी थांबू नका. सगळं पुसून कोरडं करा, पावडर भुरभुरवा आणि ओल सगळ्यात वर कुठे उमटते ते बघा. आणि हो, कुणी म्हणालं, "हे अमक्यानंच केलं," तर आधी झाकणावरची धूळ बघा. ती कोरडी असेल तर मोठ्यानं सांगा. त्या दिवशी बांबवड्याच्या पुढे मी गप्प बसलो होतो, ते मला अजून खटकतं.